तबकडीला कुलूप

मी परभणीच्या ईश्वरअप्पांच्या बैठकीतला फोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं, आज जरा माझं ऐका. रंगाने काळा, अंगाने जड, आणि घंटी अशी की शेजारीही दचकतात.

माझा जन्म एका कारखान्यातला. अप्पांनी अर्ज केल्यावर सात वर्षांनी, एकोणनव्वद साली, मी या घरी आलो. त्यांनी मला हार घातला, पेढे वाटले आणि माझ्या आकडे फिरवायच्या तबकडीच्या भोकात एक चिमुकलं कुलूप अडकवलं. "लेकरं खेळतेत," असं ते लोकांना सांगत. घरात लेकरू एकही नव्हतं. होती ती त्यांची सत्तरीतली आई, गौराबाई.

अप्पांचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा 'ज्येष्ठ प्रबोधन मंडळा'त. ते त्याचे अध्यक्ष. म्हाताऱ्या माणसांनी नव्या यंत्रांना भिऊ नये, असं ते दर महिन्याला तासभर बजावत. भाषणाची तालीम माझ्यासमोरच व्हायची. माझी किल्ली तेव्हा त्यांच्या खिशात असायची.

गौराबाईंना माझी कसली आलीय भीती? रोज ओल्या फडक्याने मला पुसणाऱ्या त्याच. त्यांची थोरली बहीण उमादेवी स्टेशनपलीकडे राहायची. ती खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली, आणि ह्यांचे गुडघे गेलेले. एका गावात राहून वर्षभरात दोघींची भेट नव्हती. फोन दोन्ही घरांत होता, पण उमादेवीला आकडे ओळखता येत नव्हते. गौराबाईंनी लावून दे म्हटलं की अप्पा म्हणायचे, "सवडीनं लावू, माय." सवड सगळी मंडळाला जायची.

एकदा माझी लाइन बिघडली आणि लाइनमन आश्रुबा आला. अप्पा दुकानात, किल्ली त्यांच्याजवळ. दुरुस्ती झाल्यावर आश्रुबाने रिसीव्हर कानाला लावला, तो ठेवायच्या जागेवरचं बटण टकटक दाबलं आणि सरळ ऑफिसात फोन लावला.

"कुलूप न काढता कसं लागलं रे?" गौराबाईंनी विचारलं.

"जो आकडा, तितके ठोके, मावशी. शून्याला धा. दर आकड्यामागं जरा थांबायचं. मोजायला चुकलं की भलत्याच घरी लागतो बगा."

जन्मभर रुद्राक्षाच्या माळेवर नामजप मोजलेल्या बाईला हा मोजायला शिकवत होता! दुसऱ्या दिवसापासून अप्पा दुकानी गेले की गौराबाई माझ्यापाशी बसू लागल्या. रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये, डाव्या हातात माळ, उजव्या हाताचं बोट माझ्या बटणावर. मग दोघी बहिणी एकमेकींच्या मेलेल्या नवऱ्यांची खोड काढून खिदळायच्या. अप्पांच्या तोंडून मी नुसते भाव आणि सत्कार ऐकले होते. हसणं नेताना मला माझाच हेवा वाटायचा.

मग मागचा रविवार उजाडला. उमादेवीच्या मुलाची लातूरला बदली झाली होती आणि चार वाजता ती त्याच्याबरोबर कायमची निघणार होती. तिथला फोन नंबर तिला त्याच दिवशी कळणार होता. नेमकी त्याच वेळी आमच्या बैठकीत मंडळाची सभा. वीस सभासद, शिवाय एका साप्ताहिकाचा वार्ताहर, कॅमेरा घेऊन. फोन करणाऱ्या आजीचा फोटो त्याला हवा होता. अप्पांनी खिसे चाचपले. किल्ली दुसऱ्या कोटात, कोट दुकानात.

"माय, भिऊ नको," अप्पा मोठ्याने म्हणाले, आणि मग हळूच, "नुसता कानाला लाव. फोटोपुरतं."

गौराबाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. इथे ठोके दिले तर युक्ती उघडी पडणार आणि उद्यापासून मी कपाटात. नाही दिले तर बहीण नंबर न देताच जाणार.

त्यांनी बोट टेकवलं. दोन. तीन. एक. सात.

"अक्का, मी गौरा."

"गाडी दारात हाय गं. मला उचलायलेत."

"रडू नको. आधी तिथला नंबर सांग."

तिकडे कुणीतरी एकेक आकडा वाचून दाखवला. गौराबाई तो पुन्हा म्हणायच्या आणि तितके मणी ओढायच्या. वीस जणांपैकी एकानेही कागद पुढे केला नाही. सगळे टाळ्या वाजवण्यात गुंतले होते.

"गुडघ्याला तेल लावत जा," उमादेवी म्हणाली, आणि फोन कुणीतरी ठेवला.

"आजी, हे कुणी शिकवलं?" वार्ताहराने विचारलं. गौराबाईंनी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "मीच."

बातमी छापून आली. फोटोत कुलूप अगदी ठळक दिसतं, पण ते कुणाच्याही नजरेत भरलं नाही. अप्पांच्या मात्र भरलं असावं. त्यांनी सुताराला बोलावून माझी मापं घेतली. उद्या मला झाकणाची, कडीकुलपाची लाकडी पेटी येतेय. "धूळ बसती," म्हणाले.

आज दुपारी ते साप्ताहिकाचा अंक काखेत मारून सेलूला भाषणाला गेलेत. गौराबाई माझ्यापुढे बसल्यात. लातूरचा नंबर लांबलचक, पहिलाच आकडा शून्य. दोनदा भलत्याच घरी लागला. आता तिसऱ्यांदा सुरुवात केलीय. गुडघे दुखतायत, पण अजून एकही ठोका चुकलेला नाही.

तुम्हालाही म्हाताऱ्या माणसांना धीर द्यायचा असेल, चार शब्द समजावून सांगायचे असतील, तर हात जोडतो, घटकाभर गप्प बसा. सहावा आकडा चाललाय.