एक कोटी एकोणीस

दुपारची जेवणं उरकली की कमलाताई पडवीत पाटी आणून ठेवायच्या आणि तिच्यावर ठसठशीत आकडा लिहायच्या: १,००,००,०१९. एक कोटी एकोणीस. श्रीपतीमास्तर चष्मा पुसून पाटी मांडीवर घ्यायचे, त्याला भागत बसायचे, आणि मग घटकाभर घरात शांतता. तेवढ्या वेळात कमलाताई आडव्या व्हायच्या. रात्री मास्तर झोपायचे नाहीत आणि झोपूही द्यायचे नाहीत. कडी काढून शाळेला निघायचे. रिटायर झालात, हे सांगायचं तरी कितीदा? एकदा तर पालीच्या नाक्यावर ट्रकपुढे उभे राहून मुलांची हजेरी घेत होते.

आकड्याची युक्ती मात्र नामी होती. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. साताने भागा, बाकी एक. अकराने भागा, बाकी सात. तेराने, बाकी तीन. खात्री करायची तर दोनापासून तीन हजारांच्याही पुढपर्यंत एकेका मूळ संख्येने भागत जावं लागतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी ते हाताने पुरं केलं आणि आळीभर पेढे वाटले. बायकांना वाटलं, नव्या नवरीला दिवस गेले! कमलाताईंना तोंड दाखवायची चोरी झाली होती. आता ते सगळं मास्तरांच्या डोक्यातून पुसलं गेलंय, असंच त्या धरून चालल्या होत्या. जिथे बायकोचं नाव आठवत नाही, तिथे हा आकडा कुठला आठवायला?

त्या दिवशी त्या अगदी गळून गेल्या होत्या. सकाळीच मुलीचा, मनस्विनीचा फोन आला होता. कोल्हापूरच्या एका वृद्धाश्रमात बाबांसाठी जागा मिळत होती. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. कमलाताईंनी मनातल्या मनात हो म्हटलं होतं. वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण लागतं. पेंगतच त्यांनी आकडा लिहिला, पाटी मास्तरांपुढे सरकवली आणि तिथेच चटईवर कलंडल्या.

"अगो, हे काय लिहिलंस?"

त्यांनी डोळे किलकिले केले. शेवटच्या नवाच्या जागी सात पडला होता.

"अंकांची बेरीज नऊ. नवाने भाग जातो याला. लगेच संपेल हा." मास्तरांनी बोटाने सात पुसला आणि तिथे नऊ काढला. "मग तू निजणार कधी?"

कमलाताई उठून बसल्या. "अहो, म्हणजे तुम्हांला ठाऊक आहे? याला भाग जात नाही ते?"

"पेढे वाटले होते की गो." ते पाटीवरून नजर न काढता म्हणाले. "पड तू. मी बसतो भागत."

त्या पडल्या, पण आता झोप कसली लागते? भिंतीकडे तोंड करून त्या मुकाट रडल्या. पाटीवर पेन्सिल करकरत राहिली.

संध्याकाळी फोन वाजला. "आई, काय कळवू त्यांना?"

कमलाताईंनी पडवीकडे पाहिलं. मास्तर पाटी बाजूला ठेवून दाराची कडी चाचपत होते. शाळेला उशीर झाला होता.

"नको म्हणून कळव," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून, गुडघ्यावर हात टेकत, कडी लावायला उठल्या.