चार मिनिटं कमी

मी घोडेगावच्या मोहनबाईंची सामायिकाची घडी बोलतेय. वीस वर्षांची एक साक्ष माझ्या पोटात आहे. ती मला कुणी विचारली नाही, आणि विचारली असती तरी काचेला तोंड कुठलं? पण आता राहवत नाही, म्हणून सांगून टाकते.

घडी म्हणजे मनगटावरचं घड्याळ नव्हे. काचेचे दोन फुगे, मध्ये बारीक गळा, आत रेती आणि बाहेरून लाकडाची चौकट, एवढीच माझी काया. मला उलटं केलं की वरची रेती अठ्ठेचाळीस मिनिटांत खाली येते. जैनांच्या घरी सामायिकाला बसतात ते एवढाच वेळ. आसन घालायचं, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधायची आणि रेती संपेपर्यंत उठायचं नाही. तोवर चुलीला हात लावायचा नाही, घरच्या-दुकानच्या गोष्टी करायच्या नाहीत, मन शांत ठेवायचं. सारखं घड्याळाकडे बघावं लागू नये म्हणून तर मला समोर ठेवतात.

माझा जन्म राजस्थानातला. मोहनबाईंच्या आईनं लग्नात साड्यांमध्ये गुंडाळून मला त्यांच्या पेटीत ठेवलं. तेव्हापासून घोडेगावच्या बाजारपेठेत, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम आहे. खिडकीतून दुकान आणि पुढचा ओटा दिसतो. सुरुवातीला बाईंना जमेल तेव्हाच बसता यायचं. मुलं, पाहुणे, दुकानातली निवडटिपण यातून सवड कुठली? सून आली, हात जरा मोकळा झाला, तेव्हा त्यांनी रोज एका सामायिकाचा नियम घेतला. त्याला यंदा वीस वर्षं झाली. एका दिवसाचा खाडा नाही.

शेजारी त्यांचे यजमान बसतात, इंदरचंदशेठ. शेठ माणूस वाईट नाहीत, पण त्यांचं अंग आसनावर आणि कान गल्ल्यावर. दुकानात मुलगा प्रितम भाव सांगताना चुकला की हे मुहपत्तीआडून खोकतात. एकदा खोकले की भाव वाढव, दोनदा खोकले की जाऊ दे. बोलायचं नाही हा नियम काही मोडत नाही. रेती चिमूटभर उरली की हळूच मला टिचकी मारतात, जशी काही मी मुद्दाम रेंगाळतेय. शेवटचा कण पडला की शेठ भराभर समाप्तीचा पाठ म्हणून उभे.

मोहनबाईंचं निराळं. रेती संपली तरी त्यांना पत्ता नसतो. डोळे मिटलेले आणि ओठ हलत असतात. मी अगदी समोर असल्यामुळे मला ऐकू येतं. आदल्या दिवशी कुणाला टोचून बोलल्या असतील, त्यांची नावं त्या घेतात आणि प्रत्येक नावापुढे 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, म्हणजे माझं चुकलं, माफी असावी. सुनेचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलंय, हेही सांगितलेलं बरं.

या उन्हाळ्यात त्यात एक नवं नाव आलं. प्रयागबाई बाजाराच्या दिवशी आहुप्याच्या गाडीनं हिरडा विकायला येते. दमून तिनं पोतं ओट्यावर टेकवलं, ते नेमकं बाईंच्या वाळत घातलेल्या पापडांच्या कडेला. "डोंगरातल्या माणसाला रीतच नाय," असं बाई फटकन बोलून गेल्या. गल्ल्यावरून शेठ हसले. प्रयागबाईनं पोतं उचललं. दुसऱ्या दिवसापासून माझी रेती संपली की बाईंच्या ओठांवर तिचं नाव. पुढच्या बाजाराला त्यांनी तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि माफी मागितली.

"लई मनावर घेता बाई तुमी," प्रयागबाई म्हणाली. "मी तर इसरून बी गेले व्हते."

पण चहा पिताना तिनं दोनदा पदर डोळ्यांना लावला. खिडकीतून मी पाहिलं.

पावसाळ्यात पर्युषण आलं. वीस वर्षांच्या नियमाबद्दल स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, मोहनबाईंचा सत्कार करायचा असं गावच्या जैन संघानं ठरवलं. नात जागृती पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत आली होती. तिला संघाच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ हवा होता. दादी सामायिकात बसलेली, पुढे रेती पडतेय, असा. तिनं समोरच्या कपाटावर मोबाईल उभा केला आणि निघून गेली. नंतर व्हिडिओ बघते तर माझी रेती चव्वेचाळीस मिनिटांत संपलेली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिनं मला पुन्हा उलटं केलं आणि मोबाईल हातात धरून समोर बसली. पुन्हा चव्वेचाळीस.

मला माझ्या नेमकेपणाचा केवढा तोरा होता! इतकी वर्षं रेती घासून माझा गळा रुंदावला होता आणि मला ते कळलंसुद्धा नाही. शेठना कधी शंका आली असेलही, पण लवकर सुटका होत असेल तर तक्रार कोण करतं?

घरात सगळे एकदम बोलू लागले. प्रितम म्हणाला, नवा टायमर मागवू. शेठ म्हणाले, चार मिनिटांनी काय होतंय, सत्कार होऊन जाऊ दे, कोणाला कळणार आहे? मोहनबाई मात्र मला मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मला आपटलं असतं तरी चाललं असतं, पण त्या पदरानं माझी काच पुसत होत्या.

"मग माझं एकबी सामायिक पुरं न्हाई झालं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुपारी जागृती धावत आली. तिनं तो पहिला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता. त्यात चव्वेचाळिसाव्या मिनिटाला माझी रेती संपते, शेठ उठून निघून जातात आणि दादी तशीच बसून राहते, पार त्रेपन्न मिनिटांपर्यंत. सगळे हसायला लागले, कारण पडद्यावर शेठ टिचकी मारतानाही दिसत होते. शेठ तेवढे हसले नाहीत.

"दादी, तुझं पुरं झालंय," जागृती म्हणाली.

"ते त्या दिवसाचं," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांचं कोण सांगणार?"

मी सांगणार होते! रोज त्यांच्यासमोर मी रिकामी होऊन बसलेली असायचे. ताप असो, घरात लग्न असो, संपल्यावरही बाई उठल्या नाहीत. हीच माझी साक्ष. त्या वेळी मला ओरडून सांगावंसं वाटलं.

सत्काराच्या दिवशी बाईंनी स्थानकात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "माझी घडी कमी भरते, म्हणून ही शाल मला घेता येणार नाही." घरी आल्या त्या हलक्या होऊन. पोटभर जेवल्या. प्रितमनं मागवलेला टायमर त्यांनी त्यालाच परत दिला.

शेठनी विचारलं, "मग नियमाचं काय?"

"हिलाच राहू दे," बाई म्हणाल्या. "ही संपली की पुढं आपलं आपण बसायचं."

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, सगळे एकमेकांची माफी मागतात; शेठनी दरवर्षीसारखं माफीचं एकच चित्र मोबाईलवरून चारशे जणांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सामायिकाला बसले. रेती चिमूटभर उरली. शेठचं बोट सवयीनं पुढे आलं, मध्येच थांबलं आणि मागे गेलं. शेवटचा कण पडला. मी वाट बघत होते, पण शेठ उठले नाहीत. दुकानात प्रितम काहीतरी चुकीचं सांगत होता, तरी ते खोकले नाहीत. बऱ्याच वेळानं मुहपत्तीआड त्यांचे ओठ हलले. मला एकच नाव ऐकू आलं.

तो बाजाराचा दिवस होता. प्रयागबाई मीठ-तेल न्यायला आली, तेव्हा शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर ओट्यावर गेले.

"प्रयागबाई, त्या दिवशी मी हसलो व्हतो."

या वेळी ती 'विसरले' म्हणाली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "हसला व्हता तुमी." मग पिशवी बाजूला ठेवून ती ओट्यावर टेकली आणि तिनं चहा मागितला.

मी अजून त्याच फळीवर आहे, सुखात आहे. गळा आणखी झिजेल, पुढेमागे त्रेचाळीस मिनिटंच भरतील. मला दुरुस्त करू नका, एवढंच मागणं आहे. मी रिकामी झाल्यावरही समोर दोन माणसं बसलेली असतात, ते मला रोज बघायचं आहे.