फाटकाजवळचा झेंडू

भायखळ्याहून आलेल्या कंत्राटदारानं फाटकाजवळच्या कोपऱ्यात काठी रोवली. "हे रान पहिल्याच दिवशी उपटून टाकू. वर हिरवळ लावू. साहेब, जागा ओळखू येणार नाही तुम्हाला."

ओळखू येणार नाही, हे ऐकून श्यामकांत विजयकरांना आधी बरं वाटलं. मग त्यांनी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत त्यांची बायको उर्मिला तांदूळ पाखडत उभी होती. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

रान नव्हतं ते. झेंडूची रोपं होती, वीतभर उंचीची. जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा रस्त्यावरून धावत आलेला एक गिरणीकामगार त्याच कोपऱ्यात कोसळला होता. संयुक्त महाराष्ट्राची घोषणा त्याच्या ओठांवर होती की नुसती धाप, कुणाला सांगता आलं नाही. दादरच्या त्या सोसायटीतली सगळी दारं बंद होती. एकच उघडलं. उर्मिला तांब्या घेऊन खाली गेली, त्याच्या ओठांना पाणी लावलं आणि लाल झालेल्या पदरानं वर आली. त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथं कुणीतरी झेंडूचा हार ठेवला. हार वाळला, मातीला मिळाला, आणि वैशाखाच्या उन्हात त्यातून कोंब वर आले.

वैशाखात कोंब आपोआप येत नाहीत, एवढं श्यामकांतांना कळत होतं. कोपऱ्यातली माती रोज सकाळी ओली असे. त्यांनी बायकोला विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर मग आपल्याच घरी राहायला येतं.

ते सरकारी कारकून. कचेरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस चळवळीच्या सभेत दिसला म्हणून घरी बसवला गेला होता. त्याच्या खुर्चीवर आता फायलींचा ढीग असे. आणि समोरच्या पानवाल्याकडे साध्या कपड्यातला एक गृहस्थ हल्ली रोज पान खायला येऊ लागला होता. त्याचे ओठ कधी रंगलेले दिसत नसत. फाटकाजवळ फुलं कोण लावतं, अशी त्यानं चौकशी केल्याचं पानवाल्यानंच सांगितलं. त्या दिवसापासून श्यामकांतांना जेवण जाईना. नोकरी गेली तर हप्ते थकून डोक्यावरचं हे छप्परही जाणार होतं.

सोसायटीचे चिटणीस तेच. बागेचं कंत्राट कुणाला द्यायचं, हे त्यांच्यावर सोपवलेलं. अध्यक्ष अण्णा त्रिलोकेकरांनी जिन्यात गाठून हलक्या आवाजात बजावलं होतं, "श्यामराव, माळी कुणीही आणा, पण तो कोपरा साफ करणारा आणा. आपण नोकरदार माणसं."

दुसरा कंत्राटदार माहीमचा आनंदा. मूळचा मालवणकडचा. तो आला तो थेट कोपऱ्यात उकिडवा बसला आणि मातीत बोट खुपसलं.

"हय कोण तरी पाणी घालता, साहेब."

श्यामकांतांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "नळ गळत असेल."

आनंदानं मान वळवून पाहिलं. नळ आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. "असात," तो म्हणाला. "मग तो नळ बरो आसा. दुरुस्त करूक नको."

संध्याकाळी उर्मिला तांदूळ निवडत स्वतःशीच गुणगुणत होती.

दारीच्या पाहुण्याला पाणी दिलं मी ओंजळीनं
नाव नाही गं पुसलं, नातं लागलं तहानेनं

श्यामकांतांनी उठून खिडकी लावली. "अगं, हळू."

"हळूच म्हणतेय." ती दाणे निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "अहो, ती रोपं उपटायची असतील तर आदल्या दिवशी सांगा. तेवढा वेळ मी आत बसेन."

दुसऱ्या दिवशी आनंदा निकाल विचारायला आला आणि त्याच्या पाठोपाठ साध्या कपड्यातला गृहस्थही फाटकातून आत आला. रोपांकडे बघत त्यानं गोड आवाजात विचारलं, "ही कुणी लावली?"

श्यामकांतांनी छत्रीच्या मुठीवर सगळा भार टाकला. "सोसायटीनं."

"एवढ्याच कोपऱ्यात?"

"सगळ्या कुंपणाच्या कडेनं लावायचीत." आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, त्यांना कळेना. "आधी इथं लावून पाहिली. हा आमचा कंत्राटदार."

आनंदानं डोक्यावरची टोपी नीट केली. "माती बघूक लावलंय, साहेब."

गृहस्थ निघून गेला. कंत्राट त्या एका श्वासात ठरलं होतं. अण्णांना श्यामकांतांनी सांगितलं, हिरवळीला पाणी फार लागतं, झेंडू सणासुदीला उपयोगी. अण्णांनी कंत्राटाचा कागद पुढे ओढला. "झेंडू बरा," एवढंच म्हणाले आणि सही केली.

आनंदानं पावसाळाभर खपून कुंपणाच्या कडेनं झेंडू लावला. नवरात्रात आवार पिवळं झालं, केशरी झालं. त्या एवढ्या फुलांत ती कुठली, आता कुणाला सांगता आलं नसतं. श्यामकांतांना पोटभर जेवण जाऊ लागलं.

दसऱ्याच्या सकाळी बिऱ्हाडाबिऱ्हाडातून परड्या घेऊन माणसं उतरली. तोरणं व्हायची होती. श्यामकांत दाढी करून खिडकीशी आले. कुंपणाची कडा ओकीबोकी झाली होती. फाटकाजवळचा कोपरा मात्र तसाच भरगच्च उभा होता. अण्णा परडी घेऊन तिथवर गेले, थांबले आणि मागे फिरले. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून तो कोपरा दिव्यासारखा दिसत होता. आणि पानवाल्याकडे तो गृहस्थ उभा होता.

ही फुलं तोडायलाच हवीत. लगेच. ते परडी घेऊन धावतच खाली गेले, वाकले, एका फुलाच्या देठाला हात घातला. तोल सावरायला दुसरा हात जमिनीवर टेकला. माती ओली होती.

ते वर आले तेव्हा उर्मिला उंबऱ्याशी सुईत दोरा ओवून बसली होती. तिनं रिकाम्या परडीत पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बाजारातून आणतो," ते म्हणाले आणि चपला सरकवून पुन्हा खाली उतरले.

पानवाल्याकडचा गृहस्थ त्यांच्याकडेच पाहत होता. श्यामकांतांची बोटं ओल्या मातीनं माखली होती. ती त्यांनी पुसली नाहीत. खिशातही घातली नाहीत. तसेच ते त्याच्यासमोरून फुलबाजाराकडे चालत गेले.