कोणता डावा, कोणता उजवा

दसऱ्याच्या सकाळी गॅरेज उघडलं आणि पाहते तर काय! गाडीतून काढून ठेवलेले दोन्ही टॉर्शन बार पान्यांशेजारी पूजेच्या पाटावर चकचकीत होऊन पडले होते, हळदकुंकू लावलेले. त्यांच्यावर मी खडूनं केलेल्या खुणा गायब.

"माय, ह्यावरचा खडू कुठं गेला?"

"धुतला ना वं," माय म्हणाली. "खंडेनवमीले लोखंड मळकं ठेवतेत काय? डिझेलनं घासून काढलं सारं."

गाडी मोरोपंत वकिलांची, जुनी जर्मन स्पोर्ट्स कार. चालवते त्यांची नात अबोली. दुसऱ्या दिवशी ती चिखलदऱ्याच्या घाटात शर्यतीला उतरणार होती. म्हणून मागे नवे कडक शॉकअप बसवायचे होते आणि गाडी मागून दोन बोटं खाली घ्यायची होती. या गाडीला मागे स्प्रिंग नसते. हातभर लांबीचे दोन पोलादी दांडे असतात, तेच टॉर्शन बार. ते पिळले जातात आणि गाडी तोलून धरतात. डावा कायम एका बाजूला पिळलेला, उजवा त्याच्या उलट. अदलाबदल झाली तर पोलाद कधी तडकेल याचा नेम नाही. भर वळणावरसुद्धा. टोकावरचा डाव्या-उजव्याचा ठसा गंजानं खाल्लेला, म्हणून खूण मी केली. ठोकून करायची सोडून खडूनं. आळस, दुसरं काय!

मायवर मी नको तेवढी ओरडले. ती बिचारी पूजेची भांडी आवरू लागली. मग तासभर दांडे उलटेसुलटे करून पाहिले. दोन्ही हुबेहूब सारखे. नवे मागवायचे तर महिना जाणार. शेवटी देवाचं नाव घेऊन एक डावीकडे सारला, एक उजवीकडे.

पुढचं काम मात्र जीव ओतून केलं. दांड्याच्या आतल्या टोकाला चाळीस दाते, बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस. आतून एक दाता पुढे, बाहेरून एक मागे, तेव्हा कुठे पाऊणेक अंश कोन बदलतो. चार वेळा काढून पुन्हा घातले. कोनमापक दोन्हीकडे सारखा आकडा दाखवू लागला, तेव्हा शॉकअप चढवले, नट आवळले. इतकं नेटकं काम मी कधी केलं नव्हतं, आणि इतकं खोटंही.

तीन वाजता अबोली आली. गाडीभोवती फिरली, वाकून पाहिलं, खुलली.

"दीपाताई, काय मस्त बसली गं! चल, चक्कर मारू."

तिनं माझ्यासाठी पलीकडचं दार उघडलं. कामानंतरच्या पहिल्या फेरीला मी नेहमी शेजारी बसते.

"तू जाऊन ये. मले काम आहे."

"दसऱ्याला कसलं काम?"

माझा पाय उचलेना. अबोलीनं खांदे उडवले, आत बसली, किल्ली फिरवली. माय दारातून माझ्याकडे पाहत होती. गाडी हलली, तशी मी धावत पुढे गेले आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"बंद कर! उतर खाली!"

मायनं धुतले, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. गिळले.

"मी खूण कच्ची केली, पुसल्या गेली. कोणता दांडा डावा अन् कोणता उजवा, मले मालूम नाही. अंदाजानं बसवले."

"मग बरोबरही असतील ना!"

"असतील. नसतीलबी."

"मी हळू चालवीन."

"शर्यतीत?" खिडकीतून हात घालून मी किल्ली काढून घेतली.

अबोली लालबुंद झाली. "वर्षभर वाट पाहिली मी, ताई. वर्षभर! आणि तू खडूनं खूण करतेस?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "परत ही गाडी इथं येणार नाही. तुझं तोंडही पाहणार नाही." दार आपटून ती चालू पडली.

"जाय ना तिच्या मांगं," माय म्हणाली. "समजूत काढ पोरीची."

मी गेले नाही. अबोली राजापेठेकडे तरातरा चालली होती, एकदाही मागे न पाहता. मला रडू फुटलं. कुणाला माझ्यावर इतकं चिडून, असं आपल्या पायांनी धडधाकट निघून जाताना पाहून आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.