सुनेच्या नर्सिंगची फाइल

मला चौकशा करायची सवय आहे, हे मी लपवत नाही. चौतीस वर्षं फ्रीगंजच्या एका बँकेत लोकांचे कागद तपासले, आता रिटायर झाले म्हणून काय डोळे मिटून बसू? त्यामुळे आमची सून इशिता सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "आई, देवास रोडच्या शाळेत नर्स पाहिजे आहे, अर्ज करू का?" तेव्हा माझा पहिला प्रश्न तयारच होता.

"शाळेची नर्स व्हायला वेगळं सर्टिफिकेट लागतं का गं?"

"या शाळेला तरी नाही. जीएनएम पाहिजे, म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स. तो माझा झालाय. फक्त रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं आहे, ते इथे मध्य प्रदेशात करून घ्यावं लागेल."

"आणि त्या कोर्सला खर्च किती आला होता?"

"आई!" ती हसली. पण सांगितलं. फी, होस्टेल, युनिफॉर्म, शिवाय सहा सहा महिने दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात काम शिकायला जायचं, त्याचं भाडं. तिच्या बाबांनी अकोल्याला पीएफमधून पैसे काढले होते. अरे बाप रे! लग्नाला सहा वर्षं झाली आणि हे मला आज कळतंय. लग्नानंतर मीच म्हटलं होतं, हॉस्पिटलची नाइट ड्यूटी नको बाई. माझा मुलगा हर्षल नोकरीसाठी इंदूरला अप-डाउन करतो, दोघंही घराबाहेर कसे राहणार? पण शाळा म्हणजे एकदम बढिया. दुपारी दोनला घरी. शाळेच्या मोठ्या बाई तिला फोनवर म्हणाल्या होत्या, पंधरा जुलैपर्यंत रजिस्ट्रेशन आणा, तोवर जागा धरून ठेवते.

टावर चौकाजवळ एक भैया ऑनलाइन फॉर्म भरून देतो, त्याच्याकडे आम्ही दोघी गेलो. फाइल मीच धरली होती. त्याने मार्कशीट पाहिली, रजिस्ट्रेशन पाहिलं, मग आधार पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आंटी, ये अनसूया कौन है?"

"हीच की."

"आधार में तो इशिता लिखा है."

"शादी के बाद बदला."

"शादी में सरनेम बदलता है, आंटी. नाम कैसे बदल गया?"

"आमच्यात बदलतं!" मी मराठीतच कडाडले. आता याला काय सांगू, की लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवऱ्या मुलाने नवं नाव लिहिलं आणि पेढे वाटले? अनसूया हे तिच्या आजीचं नाव. मला ते फार जुनाट वाटलं होतं. इशिता मी शोधलं, पंधरा दिवस खपून. आणि मी पडले कागदांचं माणूस. लग्नाला महिना व्हायच्या आत नगरसेवकाच्या लेटरहेडवर लिहून आणून तिचं आधार बदलून टाकलं. मग पॅन, मग बँकेचं खातं. सगळं कसं चोख! अनसूया आणि इशिता एकच बाई आहे असं सांगणारा एक कागद तेवढा कुठेच नव्हता.

भैया समजूतदार निघाला. म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक तर इशिता हे नाव गॅझेटमध्ये छापून आणा, मग महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलकडून नावात बदल करून घ्या, मग इथे या. महिने जातील. नाहीतर दहावीची मार्कशीट दाखवून आधार परत अनसूया करा. "लेकिन सोच लो, आंटी. आधार में नाम दो ही बार बदलता है. एक बार हो चुका."

म्हणजे आता जे होईल ते कायमचं.

"गॅझेट करू," मी रिक्षात बसता बसता म्हटलं. "जागा काय, पुढच्या वर्षी दुसरी निघेल."

  घरी आल्यावर इशिता तडक स्वयंपाकघरात गेली आणि मी फाइल उघडली. उघडणारच! आमचे हे म्हणाले, "शैला, तिची आहे ती." मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

तळाशी रजिस्ट्रेशन नूतनीकरणाचा कागद होता, दोन वर्षांपूर्वीचा. त्यासाठी म्हणे प्रशिक्षणाचे ठरावीक तास भरावे लागतात, त्यांची सर्टिफिकेटं एकाखाली एक लावलेली. लहान मुलांमधला दमा. शाळकरी मुलांची नजर तपासणी. फिट आली तर काय करायचं. सगळी अकोल्याची, सगळी अनसूयाच्या नावावर. तारखा पाहिल्या आणि माझ्या लक्षात आलं. दिवाळी, संक्रांत, भावाचं लग्न.

"तू माहेरपणाला जायचीस की ट्रेनिंगला?" मी फाइल घेऊनच स्वयंपाकघरात शिरले.

"चार दिवसांतले दोन ट्रेनिंगला." ती पोळी लाटत राहिली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात, तर सोडावं लागलं असतं."

"आणि नाव? सहा वर्षांत कधी म्हणालीस का, की आवडत नाही म्हणून?"

लाटणं थांबलं. "आई, तुम्ही भाजीवाल्याला त्याच्या मुलीचे मार्क विचारता. रिक्षावाल्याला गाव विचारता. माझं नाव बदलताना मला विचारलं नव्हतंत."

राग आला मला. खोटं कशाला सांगू? पंधरा दिवस खपले होते मी त्या नावासाठी. तिथून निघून गॅलरीत जाऊन बसले. मग वाईट वाटलं, आणि ते रागापेक्षा जास्त होतं. सहा वर्षं ही पोर मी हाक मारली की ओ देत होती, आणि चोरून दुसऱ्या नावाने अभ्यास करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, "चल, आवर. दहावीची मार्कशीट घे."

आधार केंद्रात बरीच गर्दी होती. आमचा नंबर आला, तेव्हा काउंटरवरच्या पोरीने दोन्ही नावं पाहिली आणि वैतागून विचारलं, "पहले गलत नाम किसने लिखवाया था?"

गलत कसलं, चांगलं आहे नाव, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. सून माझ्याकडे पाहत होती. ती मला सांभाळून घेणार, स्वतःवर घेणार, हे मला दिसलं. तिने तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"मैंने. इससे पूछे बिना."

पोरीने मान हलवली आणि अनसूया टाइप केलं. सुनेने पदराने डोळे पुसले, बोटंही पुसली आणि ठशांच्या मशीनवर ठेवली.