लिंबू-मिठाने उजळलेली नाणी

आमचे हे एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं कामाला होते. चादरी, टॉवेल, पाहुण्यांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांचा नियम एकच, खिसा उलटा करून पाहिल्याशिवाय कपडा पाण्यात जाणार नाही. खिशातून जे निघेल ते पाकिटात, पाकिटावर खोलीचा नंबर, आणि पाकीट तीन महिने कपाटात. मधे भोक असलेल्या एका नाण्यासाठी कोण परदेशी पाहुणा माघारी येतोय? तीन महिने झाले की मॅनेजर मान हलवायचा आणि नाणं आमच्या घरी यायचं.

अशी नव्वदच्या वर देशांची नाणी जमली. राजे, राण्या, मासे, एकावर तर नुसतं कासव. मी म्हणायचे, "घरात धड दोन खुर्च्या नाहीत आणि जगभरचे राजे मुक्कामाला." हे हसायचे. माझ्यावर रागवायचे ते एकाच गोष्टीवरून, मी नाण्याला हात लावला की. "ठेव ते खाली. तुला नाही कळायचं." कारण विचारलं तर गप्प. मी समजले, हरवीन अशी धास्ती असेल. त्यामुळे मीही हट्टाने हात लावायचे, म्हणजे रागावणं चालू राही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

नाणी जमवणाऱ्यांना एकाची दोन झाली की आदलाबदल करायला जोडीदार लागतो. यांना तो मिळाला क्रेनवाल्यांच्या रूपात. दूरच्या एका बंदरावर ते क्रेन चालवायचे आणि खलाशी त्यांना सुटी नाणी देऊन जायचे. ते यांना 'इस्त्रीवाले' म्हणत, हे त्यांना 'क्रेनवाले'. बावीस वर्षं महिन्याला एक पत्र आणि त्यात कागदात गुंडाळलेलं एक नाणं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दोघांनाही त्याची गरज वाटली नाही.

शेवटची दोन वर्षं यांचा हात थरथरायला लागला. मग हे सांगायचे आणि मी लिहायचे. अक्षर माझं, मजकूर यांचा. नाणं मात्र स्वतःच गुंडाळायचे, थरथरत, दहा दहा मिनिटं.

हे गेले तेव्हा मी सगळ्यांना कळवलं. नातेवाईक, हॉटेल, दूधवाला, बँक. क्रेनवाल्यांना पत्र लिहायला बसले आणि 'माझे यजमान' इथवर येऊन पेन अडलं. त्याच आठवड्यात क्रेनवाल्यांचं पाकीट आलं. आत एक छोटंसं तांबडं नाणं आणि नेहमीचा प्रश्न, "काय इस्त्रीवाले, यावर कोण बसलंय ते ओळखा." सगळ्या जगात हे गेलेले होते आणि एका घरात अजून होते. तिथे कोणी त्यांना प्रश्न विचारत होतं, उत्तराची वाट पाहत होतं.

मी उत्तर लिहिलं. यांच्याच भाषेत, यांच्याच तिरकस थट्टेत. इतकी वर्षं ऐकलं होतं, जमलं. मग डब्यातून एक जादाचं नाणं काढलं. काळंमिट्ट. म्हटलं, लाँड्रीवाल्याच्या घरातून अशी मळकी वस्तू बाहेर जाणं बरं नाही, लोक बायकोला नावं ठेवतात. अर्ध्या लिंबावर मीठ घेतलं आणि घासलं. असं लखलखीत निघालं की मलाच माझं कौतुक वाटलं. तिकडून उत्तर आलं, "नाणं पोचलं. छान चमकतंय." माझा हुरूप वाढला. पुढच्या दीड वर्षात अशी सतरा नाणी गेली, एकजात घासूनपुसून. दर वेळी तिकडून तेच, "छान चमकतंय."

लेक फोनवर म्हणायची, "आई, सांगून टाक ना त्यांना. किती दिवस करणार हे?" मी म्हणायचे, "बघू." तिला काय सांगणार, की सांगितलं तर तुझे बाबा पुन्हा जातील म्हणून.

मग जादाची नाणी संपली. अल्बममधल्यांना हात लावायची माझी छाती होईना, म्हणून बाजारातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकान अरुंद, काचेचे ट्रे, आणि डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा दुकानदार. मी एक स्वस्तातलं नाणं निवडलं आणि सहज म्हटलं, "जरा कळकट आहे, पण घरी गेल्यावर लिंबू-मीठ लावीन."

त्यांनी भिंग काढलं. "काय लावाल?"

मी सांगितलं. बावीस वर्षांच्या पत्रांचं आणि सतरा नाण्यांचंही सांगितलं, जरा मिरवतच.

दुकानदारांनी भिंग काचेवर ठेवलं. मग समजावल्यासारखं म्हणाले, "बाई, नाण्यावरचा तो काळेपणा म्हणजे त्याचं वय. घासलं की वरचा थर जातो, बारीक रेघा जातात. आमच्यात घासलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. पाण्याचा थेंबसुद्धा लावत नाही आम्ही."

माझे कान गरम झाले. आयुष्यभर जगाचे कपडे धुणारा माणूस नाण्याला पाणी लावू देत नव्हता, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. हे जिवंत असते तर मी तिथल्या तिथे भांडले असते.

"पण ज्यांना पाठवली ते काय म्हणाले?" दुकानदारांनी विचारलं.

"छान चमकतंय म्हणाले. सतराही वेळा."

त्यांनी मान हलवली. "बावीस वर्षं नाणी जमवणारा माणूस हे म्हणणार नाही. पहिल्याच नाण्याला त्याने तुमच्याशी संबंध तोडला असता. रागावू नका, पण ते गृहस्थ आता नसतील. घरातलं कोणीतरी उत्तरं देत असेल. असं होतं कधी कधी."

असं होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. नाणं तिथेच ठेवून मी बाहेर पडले. घरी येऊन क्रेनवाल्यांची दीड वर्षाची पत्रं पुन्हा काढली. अक्षर तेच दिसत होतं. पण आमच्याकडेही तेच दिसत होतं की. तिकडे एखादी बाई बसली असेल माझ्यासारखी, 'छान चमकतंय' लिहीत, नाण्यातलं ओ की ठो कळत नसताना. दोन मेलेली माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत होती आणि पोस्टमन इमानाने ती पोचवत होता. मला हसू आलं, आणि मग हसू थांबलं. यांना जिवंत समजणारं ते एक घर, तेही नव्हतंच तर.

दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून लिहायला बसले. या वेळी पेन अडलं तरी पुढे ढकललं. लिहिलं, 'माझे यजमान दीड वर्षापूर्वी गेले. तेव्हापासून मीच लिहिते आहे. नाणी मी घासली, मला माहीत नव्हतं. तुमच्याकडेही असंच काही झालं असेल तर कळवा, संकोच करू नका. मला राग येणार नाही.' वर नाव घातलं नाही. कोणाला लिहिते आहे तेच ठाऊक नव्हतं.

सोळा दिवसांनी पाकीट आलं. जाड होतं.

"वहिनी, मी जिवंत आहे. गुडघे सोडले तर ठणठणीत.

पहिलं घासलेलं नाणं आलं त्या दिवशीच मला कळलं, इस्त्रीवाले गेले. तो माणूस स्वतःच्या हातांनी असं करणं शक्य नाही, आणि घरात दुसऱ्याला करू देणंही शक्य नाही. ते नाणं टेबलावर ठेवून मी तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. हुबेहूब त्यांचं. मला वाटलं, ज्या बाईने इतकं मनापासून लिहिलं, तिला मी 'कळलं' असं कसं कळवू? आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. मला महिन्याला पत्र लिहिणारं दुसरं कोणी नाही. म्हणून 'छान चमकतंय' असं लिहिलं. सतरा वेळा लिहिलं. दर वेळी हात आखडला.

आता तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत, तर मीही सांगतो. वहिनी, हे तुम्ही काय केलंत?"

तिथून पुढे अडीच पानं नुसतं रागावणं होतं. भोकाचं नाणं असं कसं घासलंत, त्याच्या आतल्या कडेवरची नक्षी सपाट झाली. कासवाची पाठ पुसून गेली, आता तो दगड दिसतो. चांदीच्या त्या एका नाण्यासाठी मी इस्त्रीवाल्यांच्या चार वर्षं मागे होतो, आणि ते तुम्ही भांड्यासारखं घासलंत? लिंबू? मीठ? घरात राख नव्हती वाटतं, तीही चोळायची. नाणं कडेनं धरतात, मऊ कागदात ठेवतात, आणि देवाच्या दयेने तसंच सोडून देतात. पुन्हा एक जरी घासलेलं नाणं आलं तर मी ते परत पाठवीन, पोस्टेज तुमच्या माथी.

मी खिडकीपाशी बसून सगळं वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हे गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. लेक, शेजारीण, बँकेतला तो पोरगासुद्धा. माझी चूक दिसली तरी 'असू दे' म्हणत. दीड वर्षात मला कोणी म्हणजे कोणी रागावलं नव्हतं. पदर डोळ्याला लावून मी पोटभर रडले, अगदी आवाज काढून. एवढं तर हे गेले त्या दिवशीही रडता आलं नव्हतं.

मग तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि भांडायला बसले. या वेळी अक्षरही माझं होतं आणि मजकूरही. 'भावोजी,' मी लिहिलं, 'आवाज चढवायचं काम नाही. तुमच्या मित्राने मला कधी कारण सांगितलं नाही, तुम्ही सतरा वेळा खोटं कौतुक केलंत, आणि दोष तेवढा माझा?'