वाटेत एक लिटर सांडते

मी एक जुना प्रश्न आहे. वही-पेन काढू नका मित्रांनो, आज मी परीक्षा घ्यायला आलेलो नाही. खुर्चीला आणि छत्रीला आपली कहाणी सांगता येते, मग मीच का गप्प बसावं?

माझा मुक्काम आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या शिक्षकांनी मिळून केलेल्या डिजिटल प्रश्नपेढीत आहे. पेढी म्हटल्यावर गादी-तक्के डोळ्यांपुढे आणू नका. गावोगावच्या शाळांत तयार झालेले प्रश्न तिथे एकत्र राहतात, आणि कोणत्याही शाळेतले गुरुजी टॅबवर ते उघडून मुलांची चाचणी घेतात. तिथले बहुतेक प्रश्न मोठ्या माणसांनी काढलेले आहेत. मला मात्र तिसरीतल्या एका मुलीने काढलं, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

तिचं नाव रेणू. इंझोरीच्या पलीकडे चढावर एक तांडा आहे, तिथली ती. तिच्या शाळेत धम्मदीपा मॅडम दर शनिवारी मुलांनाच प्रश्न काढायला सांगत. अट एकच, पुस्तकातलं काही चालणार नाही, घरातलं हवं. कुणी कोंबड्यांवर प्रश्न काढला, कुणी भाकरींवर. रेणू बराच वेळ पाटीकडे बघत बसली आणि मग तिने मला लिहिलं:

माझी आई हापशीवरून पाणी आणते. घागरीत दहा लिटर पाणी मावते. वाटेत एक लिटर सांडते. घरी पन्नास लिटर पाणी लागते. आईला किती खेपा कराव्या लागतील?

वर्गात सगळ्यांनी पाच म्हटलं. रेणूने मान हलवली.

"पाच खेपांत पंचेचाळीसच होते. मंग आई पुन्हा जाते," ती म्हणाली. "सहा."

मॅडमनी मला दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला वाटलं, आपण साधेसुधे प्रश्न नाही. आणि खरं सांगतो, नव्हतोच.

पण पेढीत कुणालाही सरळ प्रवेश मिळत नाही. मंगरूळपीरला एका सभागृहात शिक्षक जमले होते. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा, सगळ्यांनी तपासायचा, अशी पद्धत. माझी पाळी आली आणि इंद्रभान सरांनी चष्मा वर केला. सर मोठे कष्टाळू, पाणी वाचवण्याच्या मोहिमेत सदैव पुढे. शाळेतला गळका नळ त्यांना सहन होत नसे.

"आपण पोरायले पाणी वाचवा म्हनतो, अन् इथं प्रश्नातच पाणी सांडून राह्यलं," ते म्हणाले. "काय शिकतीन लेकरं?"

"सर, तांड्याले चढ आहे," धम्मदीपा मॅडम म्हणाल्या. "सांडतेच."

"सांडते ते ठीक हो मॅडम, पण लेखी कायले?"

सभागृहात माना डोलल्या. चांगल्या माणसांच्या माना चांगल्या कारणासाठी डोलल्या की एकट्या माणसाचं काही चालत नाही. माझं मधलं वाक्य खोडलं गेलं आणि तिथे नवं बसवलं: वाटेत पाण्याचा थेंबही सांडत नाही. उत्तर सहाचं पाच झालं. मॅडम परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत होत्या.

मला त्या वेळी फारसं दुःख झालं नाही, हेही सांगून टाकतो. कारण माझी चलती सुरू झाली! केनवडपासून मानोऱ्यापर्यंत मुलं मला सोडवत, आणि सगळ्यांचं उत्तर बरोबर येई. पडद्यावर जिकडेतिकडे हिरवी खूण. सगळ्यांना येणारा प्रश्न म्हणून बैठकीत माझं कौतुक झालं. मी फुगलो.

मग पेढीचा हिशेब निघाला. जो प्रश्न सगळ्यांनाच येतो, त्यावरून कुणाला समजलं आणि कुणाला नाही हे कळतच नाही, असं ठरलं. मला चाचण्यांतून काढून सरावाच्या कोपऱ्यात बसवलं. तिकडे फारसं कुणी फिरकत नसे. माझ्यानंतर आलेले प्रश्न गावोगाव हिंडत, आणि मी आपला तिथेच.

अशी दोन वर्षं गेली. इकडे दिवाळी झाली. रेणूचे आईवडील, हिरीबाई आणि रामधन, दरवर्षीप्रमाणे कामाला बाहेर पडले. या खेपेला केनवडच्या बाजूला वीटभट्टी मिळाली. रेणू आता पाचवीत होती, धाकटा अमरदीप चौथीत. भट्टीजवळच्या शाळेत रवी सरांनी दोघांना घेतलं. रेणू काही बोलेना, मान वर करेना. ही पाचवीची वाटत नाही, असं सरांना वाटलं. त्यांनी ठरवलं, छोटी चाचणी घेऊ. जमली तर पाचवी, नाहीतर यंदा चौथीच्या मुलांत बसेल.

म्हणजे धाकट्या भावाच्या शेजारी. अमरदीपने तर आनंदाने सतरंजीवर जागाही करून ठेवली. रेणूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते गालावर येऊ दिलं नाही.

तिथे मोबाइलला रेंज नव्हती. सरांच्या टॅबवर आधीच उतरवून ठेवलेला सरावाचा कोपरा तेवढा होता. म्हणून माझी पाळी आली मित्रांनो! रेणूने बाकीचे प्रश्न चाचरत, पण बऱ्यापैकी सोडवले. शेवटी मी. मला एकच गुण होता, आणि पास व्हायला तिला नेमका तेवढाच कमी पडत होता.

'माझी आई हापशीवरून पाणी आणते.' तिने वाचलं आणि चेहरा उजळला. मग पुढचं वाक्य वाचलं. बोट थांबलं. पुन्हा वाचलं. पाच दाबायचं आणि पाचवीत जायचं, इतकं सोपं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, दाब बाई, पाच दाब.

तिने सहा दाबलं.

"चुकलं," रवी सर म्हणाले. "थेंबही सांडत नाही, असं लिहिलं आहे. वाचलं नाहीस काय?"

"वाचलं सर." पहिल्यांदाच तिचा आवाज नीट ऐकू आला. "पण हा प्रश्न मी काढला होता. मह्या प्रश्नात पाणी सांडते."

"असं? मंग तुहा प्रश्न सांग बरं सगळ्यायले."

रेणू फळ्यापाशी गेली. तिने मला जसाच्या तसा, सांडलेल्या लिटरासकट लिहिलं. पाचवीतल्या कुणी पाच म्हटलं. एका हुशार मुलाने भागाकार करून साडेपाचच्या आसपास सांगितलं.

"अर्धी खेप कशी करतेत?" रेणूने विचारलं. "अर्ध्या वाटेतून आई वापस येते काय?"

वर्ग हसला. रवी सर हसले नाहीत. शाळा सुटल्यावर ते रस्त्यावर रेंज मिळेल तिथपर्यंत चालत गेले आणि त्यांनी रेणूच्या जुन्या शाळेत, धम्मदीपा मॅडमना फोन लावला.

"रेणूचाच आहे तो," मॅडम म्हणाल्या. "आमीच त्याचा जीव काढला सर. पोरगी कशी आहे?"

पोरगी दुसऱ्या दिवशी पाचवीत बसली. अमरदीप रुसला.

पुढच्या बैठकीत मॅडमनी ही गोष्ट सांगितली. इंद्रभान सरांनी स्वतःच टॅब पुढे ओढून माझं जुनं वाक्य टाइप केलं. "सांडू द्या," एवढंच म्हणाले. मी पुन्हा चाचण्यांत गेलो. आता माझं उत्तर अनेकांचं चुकतं, आणि चुकलेली मुलं डोकं खाजवत पुन्हा हापशीपर्यंत जाऊन येतात. मला आता हिरव्या खुणांपेक्षा ते डोकं खाजवणंच आवडतं.

रवी सर हे सांगायला टॅब घेऊन भट्टीवर आले होते. हिरीबाईने मातीचे हात लुगड्याला पुसले आणि रेणूने मला वाचून दाखवलं. जिल्हाभरची पोरं आता तुझ्या खेपा मोजतात, असंही सांगितलं.

"इतकी वर्सं पानी आनलं," हिरीबाई म्हणाली. "कोनी मोजलं नोतं."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. पुस्तकातले प्रश्न सोडवाच, पण एखादा आपल्या घरातला काढा आणि जपा. घरात कोण किती खेपा घालतं ते मोजा. आणि मोजताना वाटेत सांडलेलंही धरा.